ट्रेसी नेव्हिल : गुडघा गेल्यानंतरची कारकीर्द

सेंटर पास (धागाकर्ती)

नेटबॉलबद्दल (बास्केटबॉलसारखा, पण बॉल घेऊन न पळता पास देत खेळायचा, सात-सात जणींचा खेळ) मराठीत वाचायला फार कमी मिळतं, आणि जे मिळतं ते नियमांच्या पुढे जात नाही. माझ्याकडे सरावाला येणाऱ्या मुली विचारतात, "ताई, यात मोठं कोण आहे?" क्रिकेट-बॅडमिंटनमधली नावं त्यांना तोंडपाठ असतात, बुद्धिबळात तर आता नागपूरचीच दिव्या देशमुख आहे. नेटबॉलमधलं एकही नाव त्यांना सांगता येत नाही. म्हणून हा धागा काढतेय, आणि सुरुवात इंग्लंडची माजी खेळाडू आणि प्रशिक्षक ट्रेसी नेव्हिलपासून करतेय. तिच्या कारकिर्दीचा दुसरा भाग, म्हणजे प्रशिक्षणाचा, पहिल्यापेक्षा मोठा आहे. आपल्याकडच्या मुली नेमक्या त्या दुसऱ्या भागाच्या उंबरठ्यावर खेळ सोडतात, हे मला फार लागतं.

ट्रेसीचा जन्म २१ जानेवारी १९७७ चा, मँचेस्टरजवळच्या बरी गावातला. फुटबॉल बघणाऱ्यांना आडनावावरून कळलंच असेल: गॅरी नेव्हिल तिचा मोठा भाऊ आणि फिल तिचा जुळा भाऊ. दोघे मँचेस्टर युनायटेडकडून आणि इंग्लंडकडून खेळले. घरात एवढं फुटबॉल असताना ही मुलगी नेटबॉलमध्ये शिरली आणि इंग्लंडच्या संघापर्यंत पोचली. तिची जागा गोल अटॅकची.

गोल अटॅक ही जागा जरा समजून घ्या. सात जणींत गोल करायची मुभा फक्त दोघींना, गोल शूटर आणि गोल अटॅक. शूटर बहुतेक वेळ रिंगखाली असते. गोल अटॅकला मात्र मधल्या भागातही यावं लागतं, सेंटर पास (मैदानाच्या मधून खेळ सुरू करणारा पास) घ्यायचा, विंग अटॅकशी (कडेनं बॉल पुढे नेणारीशी) जुळवून घ्यायचं, सर्कलच्या (रिंगभोवतीच्या अर्धवर्तुळाच्या) तोंडाशी शूटरला बॉल द्यायचा किंवा स्वतः वळून टाकायचा. म्हणजे अर्धा खेळ ती बांधते आणि उरलेला पुरा करते. या जागेवरून खेळलेली मुलगी पुढे चांगली प्रशिक्षक होते असं माझं निरीक्षण आहे. मैदानाचा सगळ्यात गुंतागुंतीचा तुकडा तिनं रोज सोडवलेला असतो.

१९९८ मध्ये क्वालालंपूरच्या राष्ट्रकुल स्पर्धांत नेटबॉल पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आला. ऑस्ट्रेलियाला सुवर्ण, न्यूझीलंडला रौप्य, इंग्लंडला कांस्य. ट्रेसी त्या संघात होती. पुढच्या वर्षी क्राइस्टचर्चच्या जागतिक स्पर्धेतही इंग्लंड तिसरा आला, तिथंही ती होती. मग गुडघ्याची दुखापत, पुनरागमन, पुन्हा दुखापत, आणि २००८ मध्ये खेळणं थांबलं. तेव्हा ती एकतीस वर्षांची होती.

आपल्याकडे गोष्ट इथे संपली असती. "आमच्या वेळी खेळायची" एवढं वाक्य उरलं असतं.

ती प्रशिक्षणात उतरली. मँचेस्टर थंडरची प्रशिक्षक म्हणून २०१२ आणि २०१४ मध्ये तिनं सुपरलीग, म्हणजे तिथली क्लबांची लीग, जिंकली. २०१५ मध्ये विश्वचषक तोंडावर असताना इंग्लंडच्या संघाची जबाबदारी तिच्याकडे आली, तीही हंगामी म्हणून. विश्वचषक सिडनीत होता. मुलीचा संघ बघायला तिचे वडील ऑस्ट्रेलियात गेले होते. स्पर्धा सुरू व्हायच्या दोन दिवस आधी, ५ ऑगस्टला, तिथंच त्यांचं निधन झालं. ती संघासोबत थांबली. इंग्लंडनं कांस्य मिळवलं, आणि त्यानंतर तिची नेमणूक कायम झाली.

नंतरचा मोठा बदल मैदानाबाहेरचा. २०१६ मध्ये इंग्लंडनं नेटबॉल खेळाडूंसाठी पूर्णवेळ करार सुरू केले. तोवर बऱ्याच जणी नोकरी-शिक्षण सांभाळून खेळायच्या. आता सकाळी सराव, दुपारी विश्रांती, पुन्हा सराव असा दिवस शक्य झाला.

आणि मग २०१८, गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धा. १९९८ पासून २०१४ पर्यंतच्या पाचही स्पर्धांत अंतिम सामना ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्यातच झाला होता. तिसरा देश तिथं शिरलाच नव्हता. इंग्लंडनं उपांत्य फेरीत जमैकाला ५६-५५ नं हरवलं, शेवटच्या क्षणी जो हार्टेनच्या गोलवर. अंतिम सामना ऑस्ट्रेलियाशी, त्यांच्याच देशात, त्यांच्याच प्रेक्षकांसमोर. ५१-५१ असताना अगदी शेवटच्या सेकंदाला हेलन हाउस्बीनं गोल केला. ५२-५१. त्या वर्षी बीबीसीच्या क्रीडा पुरस्कारांत हा संघ वर्षातला सर्वोत्तम संघ ठरला, आणि तो गोल वर्षाचा सर्वोत्तम क्षण.

त्या सुवर्णपदकाच्या दुसऱ्याच दिवशी तिचा नैसर्गिक गर्भपात झाला. हे तिनंच पुढे मुलाखतीत सांगितलं. २०१९ च्या विश्वचषकाआधीच तिनं जाहीर केलं की या स्पर्धेनंतर मी थांबणार, मला कुटुंबाला वेळ द्यायचा आहे. लिव्हरपूलला घरच्या मैदानावर इंग्लंड उपांत्य फेरीत न्यूझीलंडकडून ४५-४७ असा हरला, मग दक्षिण आफ्रिकेला ५८-४२ हरवून कांस्य घेतलं. २०२० मध्ये तिला मुलगा झाला. आणि २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या सुपर नेटबॉलमध्ये मेलबर्न मॅव्हरिक्स हा नवा संघ उतरला, तेव्हा त्याची पहिली मुख्य प्रशिक्षक तीच होती.

माझं म्हणणं असं. आपल्या जिल्ह्यातून राज्यापर्यंत खेळलेल्या मुली कमी नाहीत. पण त्यातल्या किती जणी आज शिट्टी घेऊन मैदानावर उभ्या आहेत? मुलींना शिकवणारी बाईच नसेल तर ट्रेसी नेव्हिल इथं घडणार कशी? बोला.

---

रेड डेव्हिल नागपूर

ताई, धाग्यासाठी मनापासून धन्यवाद. मी शाळेत असल्यापासून युनायटेडचा माणूस. गॅरीचे इंग्लंडसाठी ८५ सामने, फिलचे ५९, हे झोपेत विचारलं तरी सांगेन. ट्रेसीबद्दल मात्र "त्यांची बहीण नेटबॉल खेळते" एवढंच ठाऊक होतं. आज पूर्ण वाचलं.

एक भर घालतो. २०१८ च्या जानेवारीत फिल इंग्लंडच्या महिला फुटबॉल संघाचा प्रशिक्षक झाला. म्हणजे जुळे बहीण-भाऊ एकाच वेळी आपल्या देशाच्या दोन महिला संघांचे प्रशिक्षक होते. २०१९ च्या जून-जुलैत दोघांचेही विश्वचषक लागोपाठ आले. फिलचा संघ उपांत्य फेरीत अमेरिकेकडून १-२ नं हरला, ट्रेसीचा न्यूझीलंडकडून दोन गोलनं. दोघांत पदक आणलं ते ट्रेसीनं. सुवर्णपदकही तिच्याच नावावर. घरातली सगळ्यात यशस्वी प्रशिक्षक कोण, यावर वादच नको.

---

बर्डीवाला

धागा आवडला, पण एक आक्षेप नोंदवतो.

इंग्लंड काही २०१५ ला शून्यातून उभा राहिला नाही. २०१३ ला त्यांनी घरच्या मालिकेत ऑस्ट्रेलियाला ३-० हरवलं होतं, तेव्हा ट्रेसी प्रशिक्षक नव्हती. २००६ च्या मेलबर्नला आणि २०१० च्या दिल्लीला त्यांना कांस्य होतंच. शिवाय २०१८ च्या संघातल्या कितीतरी जणी ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळून तयार झालेल्या. जीव्हा मेंटॉर सनशाइन कोस्ट लाइटनिंगची कर्णधार, हाउस्बी स्विफ्ट्सकडे, हार्टेन जायंट्सकडे. ज्या ऑस्ट्रेलियन बचावपटूंसमोर अंतिम सामना खेळायचा, त्यांच्यासमोर त्या दर आठवड्याला खेळत होत्या. भीती तिथंच मेली. मग करारांचे पैसे आले. प्रशिक्षकाला श्रेय द्या, पण सगळं तिच्याच पदरात नको.

आणि आपल्याकडे ना लीग आहे, ना करार. मग माजी खेळाडूंनी शिट्टी धरून काय होणार?

---

सेंटर पास

बर्डीवाला, २०१३ चा मुद्दा रास्त आहे, लीगचाही. पण २०१३ चा तोच इंग्लंड २०१४ ला ग्लासगोमध्ये चौथा आला, हेही सोबत धरा. म्हणजे हरवायची ताकद होती. मोठ्या स्पर्धेच्या शेवटच्या पाच मिनिटांत ती टिकत नव्हती. तिथं प्रशिक्षकाचं काम सुरू होतं.

एका गोलचे सामने कसे सुटतात ते सांगते, म्हणजे मी कशाबद्दल बोलतेय ते कळेल. नेटबॉलमध्ये गोल कोणीही करो, सेंटर पास आलटून-पालटून मिळतो. म्हणून बरोबरी असताना शेवटच्या मिनिटात पास कोणाचा, हे डोक्यात असायला हवं. आपला असेल तर घाई करायची नाही. बॉल हातात तीन सेकंदच धरता येतो, पण सात जणींनी नीट फिरवला तर वेळ काढता येतो आणि शेवटचा शॉट आपलाच राहतो. पास त्यांचा असेल तर बचावाला तोच एक बॉल चोरायचा असतो. तिथं अंगचटीला जायचं नाही, नाहीतर सर्कलमध्ये पेनल्टी मिळते. शूटर आरामात उभी राहते आणि जिनं फाउल केला तिला तिच्या बाजूला नुसतं उभं राहून बघावं लागतं.

माझ्या मुली सराव सामन्यात चौथ्या क्वार्टरला पुढे असतात आणि हरतात. दमल्यामुळे नाही. पास कोणाचा हेच कुणाला ठाऊक नसतं. दोन सामने एका-एका गोलनं, तेही लागोपाठ, जिंकणारा संघ ही गोष्ट सरावात घोटून आलेला असतो. नशिबाने एक सुटतो, दोन नाही.

लीग आणि पैसे नाहीत हे खरं. पण पास कोणाचा हे मोजायला शिकवायला पैसे लागत नाहीत. तिथं खेळलेली बाई लागते.

---

पीटीचे सर

मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. मूळचा कबड्डीचा, नेटबॉल गळ्यात पडला आणि मग आवडला. ताईंच्या मुद्द्याला माझा पाठिंबा आहे, पण उदाहरण म्हणून मी नोलीन टाउरुआचं नाव घेईन.

न्यूझीलंडची खेळाडू, तिलाही गुडघ्यानंच छळलं. पुढे प्रशिक्षक झाली. वायकाटो बे ऑफ प्लेंटी मॅजिकला २०१२ चं एएनझेड (ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या संयुक्त लीगचं) विजेतेपद मिळवून दिलं, मग ऑस्ट्रेलियात जाऊन सनशाइन कोस्ट लाइटनिंगला २०१७ आणि २०१८ अशी सलग दोन. तिकडे २०१८ च्या गोल्ड कोस्टला न्यूझीलंडची अवस्था वाईट होती. मलावीकडून हरले, कांस्याच्या सामन्यात जमैकाकडून हरले, चौथे आले. त्यांच्यासाठी तो सुतकाचा काळ होता. ऑगस्टमध्ये टाउरुआला बोलावलं. विश्वचषकाला वर्षही उरलेलं नव्हतं.

तिनं पहिली गोष्ट धरली ती तंदुरुस्तीची. कितीही मोठं नाव असो, ठरवलेली पातळी गाठली नाही तर संघात जागा नाही. दुसरी गोष्ट, जुन्या जाणत्यांना परत आणलं. केसी कोपुआ आंतरराष्ट्रीय खेळातून बाहेर गेली होती, ती आली. लॉरा लँगमन ऑस्ट्रेलियाच्या लीगमध्ये खेळत असल्यानं अपात्र होती, तिचा मार्ग मोकळा झाला आणि तीच कर्णधार झाली. लिव्हरपूलला गटात ऑस्ट्रेलियाकडून ४९-५० हरले, आणि अंतिम फेरीत त्याच ऑस्ट्रेलियाला ५२-५१ नं हरवलं. चौथ्या क्रमांकावरून जगज्जेतेपद. २०२० मध्ये तिला ‘डेम’ (पुरुषांच्या ‘सर’सारखा) किताब मिळाला.

उपांत्य सामन्यात ट्रेसी आणि टाउरुआ समोरासमोर होत्या. दोन्हीकडे बाकावर बसलेल्या दोघी जणी स्वतः देशासाठी खेळलेल्या. असा सामना मी माझ्या विद्यार्थिनींना मुद्दाम दाखवतो, आणि त्यांना खेळाडूंकडे कमी, बाकाकडे जास्त बघायला सांगतो.

आता थोडं आपलं. शालेय स्पर्धांना तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी चढण असते. मुली दहावीपर्यंत जीव तोडून खेळतात, क्रीडा गुण मिळतात, आणि अकरावीत निम्म्या गायब होतात. मी पालकांना दोष देत नाही. नीटचे, जेईईचे क्लास सकाळीच असतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या उन्हात सराव करायचा तर तोही सकाळीच. दोन्ही एका वेळी कसं होणार? मी काही मुलींना संध्याकाळी साडेसहानंतर बोलावतो, पण मैदानावर दिवे नाहीत.

---

खामल्याची आई

नमस्कार. मी खेळातली नाही. माझी मुलगी नववीत आहे, शाळेच्या संघात गोल डिफेन्स खेळून राहिली आहे. तुमचा धागा तिनंच दाखवला. दोन गोष्टी विचारायच्या आहेत, कुणी सांगेल तर बरं होईल.

एक, तिची उंची पाच फूट तीन इंच आहे. तिच्या मैत्रिणी म्हणतात तू पुढे जाणार नाहीस, या खेळाला उंचीच लागते. खरं आहे का?

दुसरं, वरती दोघींच्या गुडघ्यांचं वाचून पोटात गोळा आला. मुलीचाही डावा गुडघा मधून मधून दुखतो. खेळ बंद करू का? तिचे बाबा म्हणतात बंद कर, ती रडून राहिली आहे.

---

बर्डीवाला

ताई, उंचीचं मी सांगतो. रिंग ३.०५ मीटर उंच आणि मागे बोर्ड नाही, त्यामुळे शूटरला आणि गोलकीपरला उंचीचा फायदा असतोच. श्रीलंकेची तर्जिनी सिवलिंगम सहा फूट दहा इंच आहे. जाफन्याची मुलगी. तिच्यासह श्रीलंकेनं २००९ आणि २०१८ मध्ये आशियाई विजेतेपद घेतलं. सर्कलमध्ये तिच्या हाती उंच बॉल गेला की बचाव करणाऱ्यांचे हात तिथवर पोचतच नाहीत.

पण सातही जागांना तसं लागत नाही. सेंटर, विंग अटॅक, विंग डिफेन्स यांना पाय हवेत, नजर हवी. पाच-तीनची मुलगी गोल डिफेन्सला राज्य पातळीवर अडेल, हे खरं सांगतो. तिला विंग डिफेन्सला खेळवून बघायला सांगा सरांना. बचावाची जी सवय तिला लागलीय ती वाया जाणार नाही. आणि नववीत आहे, उंची अजून वाढू शकते.

---

फिजिओ, प्रतापनगर

खामल्याच्या ताई, खेळ बंद करायचा निर्णय घाईनं घेऊ नका, पण दुखणं अंगावरही काढू नका. आधी तपासून घ्या. या वयात उंची वाढत असताना गुडघ्याच्या खाली, नळीच्या हाडाच्या टोकाशी दुखणं बऱ्याच खेळाडू मुलामुलींना होतं. त्याला भार कमी करणं आणि ठरावीक व्यायाम पुरतात. गुडघा सुजत असेल, अडकत असेल, किंवा चालता चालता दगा देत असेल तर मात्र लगेच हाडांच्या डॉक्टरांना दाखवा.

नेटबॉलमध्ये गुडघा का जातो ते सांगतो, कारण आपल्या सगळ्या सरावात इकडे दुर्लक्ष होतं. या खेळात बॉल घेऊन पळता येत नाही. मुलगी पूर्ण वेगानं धावते, हवेत उडी मारून बॉल पकडते, आणि जमिनीवर आल्या आल्या थांबते. पहिला टेकलेला पाय उचलून परत टेकवला तर फूटवर्कचा फाउल. म्हणजे सगळा वेग एका पायावर, एका क्षणात जिरवायचा. त्या वेळी गुडघा सरळ ताठ असेल किंवा आतल्या बाजूला वळला तर सांध्याच्या मधोमध हाडं बांधून ठेवणारा लिगामेंट, ज्याला आपण एसीएल म्हणतो, तो फाटतो. कोणी धक्का द्यावा लागत नाही.

मुलींना हे मुलांपेक्षा जास्त होतं. मांड्यांच्या मागचे आणि कुल्ल्यांचे स्नायू कमजोर असतील तर अजून.

याला उपाय आहे. ऑस्ट्रेलियाच्या नेटबॉल संघटनेनं गुडघ्यासाठी वॉर्मअपचा खास कार्यक्रमच तयार केला आहे. त्यातलं सूत्र साधं: उडीतून उतरताना गुडघे आणि कंबर वाकवून, मऊ उतरायचं, गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत ठेवायचा, आणि हे रोज सरावाच्या आधी करायचं, महिन्यातून एकदा नाही. मी मुलींना घरी आरशासमोर एका पायावर हळूहळू खाली बसायला सांगतो. गुडघा आत पळतोय का ते त्यांचं त्यांनाच दिसतं. ज्यांचा पळतो त्यांना आधी ताकद, मग उड्या.

आणखी एक. आपल्याकडे मुली सिमेंटच्या कोर्टवर झिजलेल्या बुटांनी खेळतात. बुटाचा तळ गुळगुळीत झाला असेल तर पाय घसरतो आणि सावरताना गुडघा पिळतो. जर्सी जुनी चालेल, बूट नको.

---

खामल्याची आई

फार आभार तुमचे. आरशासमोर बसवून पाहिलं. डावा गुडघा आत जातोय, मलाही दिसलं. सोमवारी दाखवायला नेते. तोवर उड्या बंद, हे तिनंही मान्य केलं. विंग डिफेन्सचं सरांशी बोलते.

---

जुनी विंग अटॅक

पहिल्यांदाच लिहितेय. रोज वाचते, लिहिलं कधी नाही.

मी विद्यापीठाकडून आणि राज्याकडून खेळले. नावं-गावं सांगत नाही. बारावीनंतरही घरच्यांनी खेळू दिलं, कारण पाच टक्के खेळाडू आरक्षणातून नोकरी लागेल अशी आशा होती. प्रमाणपत्रं होती. एका कार्यालयात पडताळणीसाठी कागद दिले, ते या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिले, आणि भरतीची तारीख निघून गेली. त्यानंतर लग्न झालं, मुलगा झाला. बूट मी कुणाला तरी देऊन टाकले.

ट्रेसीबद्दल वाचताना एका वाक्याशी थांबले, तिनं खेळणं थांबवल्यावर प्रशिक्षण सुरू केलं. मधे काही आहे का? आमच्यासाठी तिथं मोठी दरी आहे. बीपीएड केलेलं नाही. पटियाल्याला जाऊन एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा) प्रशिक्षकाचा डिप्लोमा करायचा तर वर्ष काढावं लागतं, मूल लहान आहे. शाळा म्हणतात पदवी दाखवा. मला सेंटर पासच्या वेळी कुठं धावायचं ते अजून झोपेत सांगता येईल, पण ते कोणत्याही कागदावर नाही.

बर्डीवाला यांनी विचारलं, माजी खेळाडूंनी शिट्टी धरून काय होणार. मला उलटं विचारायचं आहे. ती शिट्टी आम्हाला देणार कोण?

---

पीटीचे सर

ताई, तुमची पोस्ट वाचून रात्री बराच वेळ विचार करत होतो. एक व्यावहारिक सांगतो. शाळेत नोकरी म्हणून शिकवायचं तर पदवी लागते, ती अट मी बदलू शकत नाही. पण सराव घेणं आणि पंचगिरी करणं यासाठी दार बंद नाही. जिल्हा पातळीवर पंच नेहमी कमी पडतात. बायका पंच तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. तुम्ही पंचगिरीची परीक्षा द्या. त्यातून दर हंगामात तुम्ही मैदानावर राहाल, सगळ्या शाळांची ओळख होईल, आणि मुलींना दिसेल की शिट्टी बाईच्याही हातात असते. एनआयएसचे सहा आठवड्यांचे प्रमाणपत्र वर्गही असतात, मूल थोडं मोठं झालं की ते जमण्यासारखं आहे.

माझ्या शाळेच्या संघाला तुम्ही आठवड्यातून एक संध्याकाळ दिलीत तर मुख्याध्यापिकांशी मी बोलतो. मानधन फार नसेल, पण फुकट बोलावणार नाही.

---

बर्डीवाला

ताई, तुमचा प्रश्न बरोबर आहे. माझा रोख यंत्रणेवर होता, तुमच्यावर नाही. लीग आणि करार हवेतच, ते मी म्हणत राहणार. २०१० ला दिल्लीत भारताचा महिला संघ राष्ट्रकुल स्पर्धांत खेळला, प्राची तेहलान कर्णधार होती. ज्या स्पर्धेचा अंतिम सामना न्यूझीलंडनं ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोनदा जादा वेळ खेळून ६६-६४ नं जिंकला, तो खेळ आपल्याच देशात झाला. तेव्हा केवढी संधी होती. त्यानंतर जिल्ह्या-जिल्ह्यात काय उभं राहिलं? हरियाणात राहिलं, म्हणून तिकडच्या मुली आज राष्ट्रीय स्पर्धांत पुढे दिसतात. आता २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहेत. आज सातवीत असलेली मुलगी तेव्हा सतरा-अठरा वर्षांची असेल. तिला आत्ता शिकवायला कोणीतरी हवं, ते तुम्ही का नाही?

मैदानाच्या दिव्यांसाठी मी आणि आमच्या वस्तीतली चार मंडळी नगरसेवकांकडे अर्ज घेऊन जातो. सर, मैदानाचं नाव मला वेगळं कळवा.

---

सेंटर पास

जुनी विंग अटॅक, दरी आहेच. ट्रेसीच्या बाबतीतही खेळणं आणि देशाचं प्रशिक्षकपद यांच्यात सात वर्षं आहेत, आणि त्यात क्लबचं काम आहे. थेट इंग्लंडच्या बाकावर कोणी बसवलं नाही. तिच्या मागे क्लबची एक व्यवस्था होती, ती आपल्याकडे नाही, हे मी नाकारत नाही. म्हणून आपल्यापुरती सुरुवात आपणच करावी असं मला वाटतं. सरांच्या शाळेत एक संध्याकाळ आणि माझ्याकडे रविवारची सकाळ, असं जमेल का ते बघा. मुलाला सोबत आणा, आमच्याकडे दोघी जणींची लहान मुलं मैदानाच्या कडेला खेळत असतातच.

तुम्ही आलात की पहिलं काम मी ठरवून ठेवलंय. माझा सगळ्यात कच्चा भाग म्हणजे सेंटर पासवरचा पहिला बॉल. विंग अटॅक आणि गोल अटॅक दोघी एकाच बाजूला धावतात, एकमेकींची वाट अडवतात, आणि सेंटरचे तीन सेकंद संपतात. मी सेंटर खेळलेय, मला बॉल द्यायच्या बाजूनं शिकवता येतं. घ्यायच्या बाजूनं नाही. शिट्टी वाजायच्या आधी रेषेवर उभं राहून बचाव करणारीला कसं फसवायचं, खांदा कुठे फिरवायचा, कधी थांबून मग सुटायचं, हे विंग अटॅक खेळलेलीच दाखवू शकते. माझ्या विंग अटॅकला ते कुणी दाखवलेलंच नाही. आठवीत आहे, वेगवान आहे, आणि प्रत्येक वेळी शिट्टीच्या आधीच पाय टाकते.

---

जुनी विंग अटॅक

तिला म्हणावं पंचाच्या शिट्टीकडे कान, पण डोळे विंग डिफेन्सच्या पुढच्या पायावर ठेव. ज्या पायावर तिचा भार, त्याच्या उलट बाजूनं सुटायचं. पहिलं पाऊल लहान, दुसरं लांब. आणि गोल अटॅकशी आधीच ठरवून घ्यायचं की पहिल्या बॉलला कोण जाणार, दुसरीनं तोवर जागा रिकामी करायची.

रविवारी येते. किती वाजता आणि कुठल्या फाटकानं यायचं ते सांगा.

---

सेंटर पास

सहा वाजता, मागच्या फाटकानं. पुढचं सातपर्यंत बंद असतं. बिब (अंगावर घालायच्या, जागेची अक्षरं असलेल्या पट्ट्या) आणि बॉल माझ्याकडे आहेत, तुम्ही फक्त बूट बघा. फिजिओ सर, तुम्हीही एखाद्या रविवारी अर्धा तास देऊ शकाल का? सगळ्या मुलींना एकदा आरशाशिवाय, तुमच्या डोळ्यांखाली एका पायावर बसवून बघायचं आहे.

---

फिजिओ, प्रतापनगर

येतो. सरावाच्या आधी लागेल मला, नंतर नको. दमलेल्या पायांवर सगळ्यांचेच गुडघे आत जातात.